शिळफाट्याच्या ट्रॅफिकने डोकं फिरतंय, गाडी विकू का? माझं उत्तर जरा मोठं आहे

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर क्लास घेताना तोच डोक्यात होता, म्हणून आता जेवणं आटपून लिहायला बसले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की डोंबिवली पूर्वेला राहायला येऊन आठ महिने झाले, ऑफिस नवी मुंबईत महापेला, अंतर जेमतेम अठरा-वीस किलोमीटर पण सकाळी सव्वा ते दीड तास आणि संध्याकाळी कधीकधी दोन तास, डावा गुडघा दुखायला लागलाय, सोसायटीच्या गेटसमोर रोज कोणीतरी गाडी लावून जातं, आणि गेल्या आठवड्यात पाच वर्षांच्या मुलीने मागच्या सीटवरून एका रिक्षावाल्याला तीच शिवी दिली जी तुम्ही देता. आणि विचारलंय की गाडी विकून टाकू की हळूहळू सवय होईल.

सवय होत नाही. मी एकोणीस वर्षं डोंबिवलीत गाडी शिकवतेय, रोज सात-आठ तास याच रस्त्यांवर शेजारच्या सीटवर बसते, आणि ज्यांना वाटतं आपल्याला सवय झाली त्यांचं फक्त बोलणं बंद झालेलं असतं. दात आवळलेलेच असतात, स्टिअरिंग घट्ट धरून बोटं पांढरी पडलेली असतात, ते त्यांना दिसत नाही, मला दिसतं. त्यामुळे सवयीची वाट बघू नका.

गाडी विकायचं नंतर बोलू. आधी एकच गोष्ट पंधरा दिवस करून बघा, की तुमच्या आणि पुढच्या गाडीच्या मध्ये कायम एका गाडीची जागा मोकळी ठेवायची. जॅममध्येसुद्धा. जॅममध्ये तर नक्कीच.

आता लगेच तुम्ही म्हणणार की मॅडम, जागा सोडली की रिक्षा घुसते, रिक्षामागे दोन बाईकवाले घुसतात. हो, घुसतात. माझा प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्या दिवशी हेच सांगतो. म्हणून हिशोब करू, कारण तुमचा सगळा राग या एका हिशोबावर उभा आहे आणि तो हिशोब चुकीचा आहे. जिथे रस्ता अरुंद होतो, समजा काटई नाक्याच्या पुढे किंवा मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेत तिथे, तिथून एका लेनमधून सगळं सुरळीत चाललं तर साधारण दोन सेकंदाला एक गाडी बाहेर पडते, आपल्याकडे रेटारेटीत तीन धरा. म्हणजे तुमच्या पुढे एक रिक्षा घुसली तर तुमचे गेले तीन सेकंद. बाईक तर तेवढीही जागा घेत नाही. सव्वा तासात तुमच्यापुढे वीस जण घुसले तरी झालं एक मिनिट. एक मिनिट हो! आणि त्या एका मिनिटासाठी तुम्ही सव्वा तास पुढच्याच्या बंपरला चिकटून, हॉर्नवर हात ठेवून, मुलीसमोर शिव्या देत जाताय. उलट तुम्ही स्वतः कट मारून दहा गाड्यांच्या पुढे गेलात तरी अर्धं मिनिट कमावलंत, जे महापेला ऑफिसच्या लिफ्टसमोर उभं राहण्यात जातं.

दुसरं म्हणजे चिकटून चालवल्यानेच अर्धा जॅम होतो. 2008 साली जपानमधल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता, साधारण 230 मीटर घेराचा गोल रस्ता केला, त्यावर 22 गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना सांगितलं एकसारख्या स्पीडने चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, रिक्षा नाही, म्हैस नाही. तरी थोड्याच वेळात कोणीतरी जरासा ब्रेक मारला, मागच्याने त्याहून जास्त मारला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि शेवटी काही गाड्या पूर्ण थांबल्या आणि ते थांबणं लाटेसारखं मागे मागे सरकत राहिलं. आपण रोज म्हणतो ना, की अर्धा तास अडकलो आणि पुढे जाऊन बघतो तर काहीच नव्हतं, ते हेच. पुढे जागा असेल तर पुढच्याच्या छोट्या ब्रेकला तुम्हाला ब्रेक मारावाच लागत नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की भागतं, म्हणजे ती लाट तुमच्यापाशी येऊन मंद होते आणि तुमच्या मागच्या पंधरावीस गाड्यांना सुखाने जाता येतं. त्यांना हे कधी कळणार नाही, पण होतं असं.

आता गुडघ्याकडे येते कारण तो याच्याशीच बांधलेला आहे. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, बँकेतले, पन्नाशी उलटलेली, लायसन जुनं पण गाडी नवीन घेतलेली आणि ट्रॅफिकची भीती. त्यांना मी काटई नाक्यापासून पलावा वसाहतीच्या पुढेपर्यंत त्यांच्या पद्धतीने चालवायला सांगितलं आणि मांडीवर वही घेऊन ते क्लच किती वेळा दाबतात त्याच्या रेघा मारत गेले. एकसष्ट रेघा. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळेला, तेवढीच गर्दी, मी फक्त एवढंच म्हणत होते की थांबा, अजून थांबा, पुढे जागा होऊ दे, आता सोडा. तेवीस रेघा. वेळ जवळजवळ तेवढाच लागला, एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक. त्यांनी ती वही हातात घेऊन दोन्ही पानं किती वेळ बघितली, मग म्हणाले, मॅडम माझा गुडघा डॉक्टरांकडे कशाला नेत होतो मी.

तर ते कसं करायचं नीट सांगते. पुढची गाडी दोन फूट सरकली म्हणून तुम्ही दोन फूट सरकायचं नाही. उभे रहा. गिअर न्यूट्रलला, पाय क्लचवरून पूर्ण काढून बाजूला ठेवा, तिथे पाय ठेवायला जागा दिलेली असते ती त्यासाठीच आहे. पुढे एक-दीड गाडीची जागा झाली की मग पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडत या, एका ठिकाणी गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, इंजिनचा आवाज जरा जड होतो, तिथे क्षणभर धरा, गाडी चालायला लागली की पूर्ण सोडून द्या आणि पहिल्या गिअरमध्ये माणूस चालतो त्या स्पीडने गाडीला आपणहून जाऊ द्या. टाच जमिनीवर टेकलेली पाहिजे, पाय हवेत लटकवून क्लच दाबाल तर मांडी आणि गुडघा दोन्ही जाणार. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, बऱ्याच उंच माणसांची सीट एवढी मागे असते की पाय ताणून दाबतात आणि मग कंबर धरते. आणि हाफ क्लचवर गाडी चढावर रोखून धरू नका, पुलाच्या चढावर सगळे तेच करतात, मग क्लच प्लेट जळल्याचा तो करपट वास येतो. हँडब्रेक कशाला दिलाय? (पुढची गाडी ऑटोमॅटिक घ्यायची ऐपत असेल तर घ्या, या रस्त्याला मॅन्युअल चालवण्यात काही मोठेपणा नाही.) आणि हे सगळं करूनही पंधरा दिवसांत गुडघा कमी झाला नाही तर मात्र डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका.

रिक्षावाल्यांबद्दल. मी त्यांची बाजू घेत नाहीये, भर रस्त्यात थांबतात त्याचा मलाही त्रास होतो, माझे विद्यार्थी तर घाबरून गाडी बंद पाडतात. पण रिक्षा काय करणार हे आधी कळतं, आणि एकदा कळायला लागलं की राग निम्मा होतो, कारण राग दचकण्यातून येतो. नुसत्या रिक्षाकडे बघू नका, आधी फुटपाथकडे बघा. डाव्या बाजूला कोणी हात वर केला, बॅग उचलली, रस्त्यात एक पाऊल टाकलं, की पुढची रिकामी रिक्षा आडवी होणारच, इंडिकेटरची वाट बघू नका. रिक्षाचं पुढचं चाक कुठे वळलंय ते बघा, मागची बॉडी नंतर वळते, चाक आधी सांगतं. शेअर रिक्षा असेल तर आतल्या माणसाने खिशात हात घातला की उतरणार. हे सगळं तुम्हाला कधी दिसेल? पुढे जागा सोडली असेल तरच. बंपरला चिकटलात तर पुढच्या गाडीची काच आणि तिच्यावरचं स्टिकर एवढंच दिसतं.

घरडा सर्कललाही तुमचा रोजचा वाद होत असेल. नियम साधा आहे, सर्कलमध्ये जो आधीच फिरतोय त्याला आधी जाऊ द्यायचं आणि बाहेरून येणाऱ्याने थांबायचं, 2017 च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत तसं स्पष्ट आहे, पण आपल्याकडे बाहेरचे सगळे एकदम आत शिरतात आणि आतल्यांना बाहेर पडता येत नाही, मग सर्कलच बंद. तुम्ही एकटे थांबलात तर मागचा हॉर्न मारेल. मारू दे. हॉर्न लागत नाही.

कंटेनरची मात्र भीती बाळगा, इथे मी अजिबात सूट देत नाही. उरणच्या जेएनपीटी बंदरातून भिवंडीच्या गोडाऊनला जाणारी ही सगळी अवजड वाहनं कल्याण फाटा, शिळफाटा करून मुंब्रा बायपासला लागतात, म्हणजे तुमचा महापेचा रस्ता त्यांना आडवा जातो. त्या ड्रायव्हरला अगदी पुढे टेकलेली गाडी दिसत नाही आणि डाव्या दाराजवळची तर मुळीच दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात एवढं पक्कं धरा. तो डावीकडे वळताना आधी उजवीकडे सरकतो, कारण मागची ट्रॉली आतून जाते, आणि आपले लोक समजतात जागा दिली आणि डाव्या बाजूने घुसतात. तिथे घुसू नका, कितीही उशीर झालेला असो. दोन कंटेनरच्या मध्ये बाईक घालणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

वेळेबद्दल बोलते. तुम्ही आठ चाळीसला निघता असं लिहिलंय. म्हणजे डोंबिवलीचे, कल्याणचे, शिवाय बदलापूर-अंबरनाथकडून येऊन काटईला मिळणारे, असे सगळे ज्या वेळेला निघतात बरोबर त्याच वेळेला तुम्ही निघता. 2019 च्या सप्टेंबरात आमचा कोपर पूल बंद झाला आणि 2021 च्या सप्टेंबरात नवा सुरू झाला, मधल्या काळात पूर्व-पश्चिम सगळा लोड ठाकुर्लीच्या पुलावर, आणि त्या पुलावरून मला रोज विद्यार्थी न्यायचे-आणायचे होते. तेव्हा मी शिकले की वीस मिनिटं आधी निघालं की नुसती वीस मिनिटं वाचत नाहीत, त्याहून बरीच जास्त वाचतात, कारण एकदा तुंबलं की ते उतरायला फार वेळ लागतो, मोरीसारखं. तुम्ही सात दहाला घर सोडून बघा. ऑफिसला लवकर पोचलात तर गाडीत सीट मागे करून वीस मिनिटं पडा, चहा घ्या, पेपर वाचा, ती वीस मिनिटं तुमची असतात, ट्रॅफिकमधली वीस मिनिटं कोणाचीच नसतात. साहेबांशी बोलून साडेआठ ते साडेपाच मिळालं तर सोन्याहून पिवळं, विचारायला काय जातंय, विचारतच नाही कोणी. ऐरोली-काटई रस्त्याकडे आणि कल्याण-तळोजा मेट्रोकडे आम्ही सगळेच डोळे लावून बसलोय पण त्याच्या भरवशावर आजचा गुडघा घासू नका.

ट्रेनचं सांगायचं तर डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे आणि पुढे रिक्षा, हा रस्ता आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी करून बघा. पण डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल पकडा, फास्टच्या मागे लागू नका. दारात लटकून जायची वेळ येणार असेल तर ती गाडी सोडा. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, दोन लोकल एकमेकींच्या जवळून जाताना दारात लटकलेले लोक खाली पडले, जीव गेले. त्या दिवशी माझी एक विद्यार्थिनी त्याच लाईनवर होती, दुपारपर्यंत फोन लागत नव्हता. पाच मिनिटांनी दुसरी लोकल येते. ट्रेन नकोच वाटत असेल तर नवी मुंबई परिवहनच्या बसेस डोंबिवलीतून जातात, त्याही त्याच जॅममध्ये अडकतात, पण क्लच दुसऱ्याच्या पायाखाली असतो आणि तुम्ही झोपू शकता.

म्हणजे माझं मत, गाडी विकू नका, पण रोज नेऊ नका. दोन दिवस गाडी, तीन दिवस ट्रेन किंवा बस. रोजची गाडी हा तुमचा ऑफिसच्या आधीचा आणि नंतरचा दुसरा जॉब झालाय, आणि तो बिनपगारी आहे.

पावसाचं दोन ओळीत, कारण तुमचा इथला पहिलाच पावसाळा असेल. पाणी साचलेलं दिसलं तर पुढची गाडी पूर्ण पार होईपर्यंत थांबा, तिच्या चाकाला पाणी कुठपर्यंत येतं बघा, चाकाच्या मध्याच्या वर असेल तर जायचंच नाही. जायचं असेल तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये गिअर बदलायचा नाही. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर त्या एका सेल्फमध्ये इंजिन कामातून जातं. ढकलून बाजूला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा. रस्त्याच्या डाव्या कडेला पाण्याखाली गटाराचं झाकण उघडं असू शकतं, माझ्या क्लासच्या गाडीचं चाक एकदा असंच गेलंय, आत विद्यार्थिनी होती, ती परत आठ दिवस गाडीला हात लावायला तयार नव्हती. तेव्हापासून पाणी असेल तर मी रस्त्याच्या मधूनच नेते, मागून कितीही हॉर्न वाजू दे.

सणांच्या दिवशी गाडी काढूच नका. गुढीपाडव्याला स्वागतयात्रा असते, 1999 पासूनची आहे आमची, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडला अख्खी तरुण डोंबिवली उभी असते. मुलीला घेऊन चालत जा, तिला आवडेल.

आता मुलीचं, कारण मला वाटतं खरा प्रश्न तुम्ही तोच विचारलाय आणि बाकीचं त्याच्या आजूबाजूला लिहिलंय. तिला ओरडू नका. ती वाईट बोलली नाही, तिला वाटलं गाडीत असंच बोलतात, गाडी चालवण्याचाच तो एक भाग आहे, इंडिकेटर देतात तसा. माझ्याकडे अठरा वर्षांची पोरं शिकायला येतात ना, पहिल्या दिवशी अजून पहिला गिअर पडत नसतो, पण हॉर्न कसा मारायचा आणि खिडकीतून हात कसा काढायचा ते येत असतं, ते कुठे शिकले? मागच्या सीटवर. तर तिला नवीन काहीतरी द्या. जागा सोडली आणि कोणी आत आलं की मोठ्याने म्हणा, ये बाबा ये. मी विद्यार्थ्यांना हे म्हणायला लावते, पहिल्यांदा लाजतात, मग येतं. एकदा तोंडाने 'ये' म्हटलं की पुढची शिवी निघतच नाही. आणि तिला मोजायला लावा, आज बाबांनी किती जणांना जागा दिली. मुलं आकडा वाढवायच्या मागे लागतात, घरी गेल्यावर आईला सांगतात आज सतरा. तुमच्या डोक्यात जे 'माझ्यापुढे सतरा घुसले' असतं तेच तिच्या वहीत 'बाबांनी सतरा जणांना जाऊ दिलं' असं होतं, आणि तिच्यासमोर शब्द मागे घेणं बापाला जड जातं.

राहिलं गेटसमोरचं पार्किंग. कायदा तुमच्या बाजूने आहे, कुठल्याही आवाराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गाडी लावणं, दुसऱ्या उभ्या गाडीला लागून दुहेरी लावणं, वळणावर किंवा बसस्टॉपजवळ लावणं, हे सगळं त्याच 2017 च्या नियमांत मना आहे आणि पोलीस गाडी उचलू शकतात. पण पोलीस येईपर्यंत तुमचे आठ चाळीसचे नऊ वीस होतात, आणि गाडी उचलली गेली की तो माणूस कायमचा वैरी. आमच्या सोसायटीत हेच झालं होतं, दोन वर्षं भांडण, मीटिंगमध्ये एकमेकांच्या अंगावर जाईपर्यंत. मिटलं कशाने, तर दोन गोष्टींनी. गेटच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांवर कुंड्या ठेवल्या, मातीने भरलेल्या जड, त्या हलवून गाडी लावायचा कोणाला कंटाळा येतो (फक्त रस्त्यावर नाही, आपल्या हद्दीत ठेवा, नाहीतर तुमच्यावरच कारवाई). आणि वॉचमनच्या वहीत आजूबाजूच्या गाड्यांचे नंबर आणि मालकाचे फोन त्यांना विचारून लिहून ठेवले. बहुतेक वेळा गाडी समोरच्या बिल्डिंगमधल्याच कोणाची तरी असते, रात्री अकराला दमून येतो, कुठेच जागा नसते, तो लावतो आणि सकाळी झोपलेला असतो.

तुम्ही लिहिलंय ती पांढरी गाडी रोजचीच आहे, तर त्या माणसाशी बोला, पण सकाळी ऑफिसला जाताना नाही, तेव्हा दोघांचंही डोकं गरम असतं. रविवारी संध्याकाळी जा, मुलीला बरोबर घेऊन जा, नाव सांगा, कुठल्या मजल्यावर राहता ते सांगा, आणि म्हणा मी सात दहाला निघतो, त्याआधी एक मिस कॉल दिला तर चालेल का.